अखाजीला बदललेलं तेल

शिंदखेडा
८ ऑक्टोबर २०२५

भाऊ,

रविवारी फोन केला होता. तुमच्या सुनेने, मेघाने, तो तुमच्या कानाला लावला, तुम्ही दोनदा "बरं, बरं" म्हणालात आणि ठेवून दिलात. मी काय विचारलं ते तुम्हाला ऐकू आलं नव्हतं, हे मला कळलं. चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात चालू इंजिनांपाशी उभं राहिल्यावर कानांनी किती टिकायचं? मोठ्याने बोलावं तर इथे सगळ्या गल्लीला ऐकू जातं. म्हणून कागदच बरा.

यांचं डायलिसिस चालू आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी साडेसहाला निघतो, नरडाण्यावरून हायवेला लागतो आणि आठला धुळ्यात पोचतो. चार तास मशीनवर, मग परत. गाडी मीच चालवते. एक्कावन्नाव्या वर्षी शिकले म्हणून तुम्ही हसला होतात, पण आता तीच आमचे हातपाय झाली आहे. एक पाळी चुकली तर यांच्या पायांवर सूज चढते आणि रात्रभर उशांना टेकून बसावं लागतं. आडवं झालं की श्वास लागतो.

आता गाडीचं. एप्रिलच्या शेवटी अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आम्ही माहेरी आलो तेव्हा तुम्ही अंगणात तेल बदललंत. त्याला पाच हजार किलोमीटर होऊन गेले. आणि आठ दिवसांपासून डाव्या वळणावर समोरचा तो किटलीच्या चित्राचा लाल दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. यांना मी सांगितलेलं नाही. ते शेजारी डोळे मिटून बसलेले असतात, आणि मी वळण आलं की श्वास धरते.

काय करू? धुळ्याच्या कंपनीच्या शोरूममध्ये विचारलं, तर दिवाळीनंतरची सत्तावीस तारीख देतात आणि गाडी दिवसभर ठेवा म्हणतात. बायपासजवळ एक नवं दुकान झालंय, गावोगावी शाखा असलेल्या मोठ्या साखळीतलं. काचेची खोली, थंड हवा, अर्ध्या तासात काम. दवाखान्यापासून पाच मिनिटं. आपला पोरगा नवीन पुण्याहून म्हणतो, "आई, व्हिडिओ बघ आणि घरीच कर, त्यात काही नाही." त्याला काय जातं म्हणायला.

अजून एक गोष्ट आहे, तिची मला जास्त भीती वाटते. तीस तारखेला दवाखान्याच्या पार्किंगमधल्या वॉचमनने सांगितलं, की एक म्हातारा माणूस आमच्या गाडीखाली झोपून काहीतरी चाचपत होता. वॉचमनने हाका मारल्या, काठी आपटली, तरी तो हलला नाही. मग आपणच उठला, कपडे झटकले आणि रस्त्याला लागला. गाडीखालचे भाग चोरणाऱ्या टोळ्या असतात म्हणे. त्यांनी काही सैल करून ठेवलं असेल का?

तुम्ही कधी येता? तुम्ही एकदा खाली शिरून बघितलंत की मला झोप लागेल.

तुमची कामिनी


जळगाव
१२ ऑक्टोबर २०२५

कामिनी,

तुझं पत्र काल दुपारी आलं. वाचल्याबरोबर मेघाला फोन करायला लावला. गाडी बाहेर काढू नको, आधी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बघ, हे तिने सांगितलं असेल. पट्टीच्या फक्त टोकाला तेल लागलंय असं तू म्हणालीस. मी ठेवून गेलेल्या कॅनमधलं उरलेलं सगळं तू ओतलंस, ते ठीक केलंस. रोज सकाळी इंजिन थंड असताना पट्टी पुसून बघत जा. लाल दिवा लागून राहिला तर त्या क्षणी बाजूला घे आणि चावी फिरवून इंजिन बंद कर. दहा पावलंही पुढे जायचं नाही.

मला येणं जमणार नाही. गुडघा धरलाय. आणि खरं म्हणजे ही कामं आता घरी करायची नसतात.

तू तर मुळीच करू नकोस. नवीनला सांग, व्हिडिओत जॅक घसरलेला दाखवत नाहीत. पाचोरा डेपोत माझ्या डोळ्यांदेखत बस जॅकवरून घसरली होती. खाली असलेला माणूस चांगला वीस वर्षांचा अनुभवी होता. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. मी त्यांना धरून ओढत होतो.

काचेच्या दुकानात जाऊ नको. तिथे कामाला घाई असते. हवेच्या बंदुकीने बोल्ट आवळतात आणि आटे खाऊन टाकतात. शोरूमलाच जा. त्यांच्या पाया पड, पण तारीख अलीकडे घे. तिथे एकाने केलेलं काम दुसरा तपासतो आणि कागदावर सही करतो. मला तेच हवंय. कोणीतरी दुसऱ्याने बघायला हवं.

पार्किंगमधल्या माणसाची भीती बाळगू नको. पत्ता विचारणारा कोणी असेल.

रोहिदासरावांना जप. मला परत परत ये म्हणू नकोस.

पितांबर


शिंदखेडा
१८ ऑक्टोबर २०२५

भाऊ,

पत्ता विचारणारा माणूस गाडीखाली झोपतो का? पण ते राहू दे. काल जे झालं ते आधी सांगते. घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर मेघाकडून वाचून घ्या.

शोरूमने तारीख बदलली नाही. काल शुक्रवार. पट्टी बघितली, मध्यावर तेल दिसलं, निघालो. सोनगीरच्या अलीकडे लाल दिवा लागला. वळण नव्हतं, सरळ रस्ता होता. मी वाट बघितली, की आता विझेल. विझला नाही. तुम्ही लिहिलं होतं तसं बाजूला घेतलं आणि चावी फिरवली.

यांनी डोळे उघडले. "काय झालं?"

"काही नाही. जरा गरम झालीय."

"किती वाजले?"

"सव्वासात."

 हायवेवरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी गाडी हलत होती. मी उतरून खाली वाकले. मागे रस्त्यावर काळे ठिपके दिसले, लांबपर्यंत, ओळीने. भाऊ, शिवणीच्या टाक्यांसारखे होते ते ठिपके. शोरूमचा फोन कोणी उचलेना, नऊला उघडतं. मग त्या काचेच्या दुकानाला लावला. भाविका नावाची बाई बोलली. म्हणाली, "गाडी चालू करू नका ताई, माणूस पाठवते. पेशंटला आधी पुढे पाठवा." मी हात केला तर एक काळीपिवळी जीप थांबली. त्यात दहा माणसं आधीच होती. त्यांनी सरकून यांना खिडकीशी जागा दिली. यांनी जाताना माझ्याकडे बघितलं ते मला विसरता येत नाही. एकटं पाठवलं मी त्यांना.

दुकानातून आलेला माणूस सुपडू नावाचा, पन्नाशीचा. पूर्वी नरडाण्याला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. खाली शिरला, बाहेर आला आणि मला म्हणाला, "ताई, हाऊ बोल्ट कसेल नही शे. बोटवरी फिरी ऱ्हायना. कोनी लायेल शे?"

म्हणजे तेल सोडायचा खालचा बोल्ट कोणी आवळलेलाच नाही, नुसत्या बोटांनी फिरतोय म्हणे, आणि तो कोणी बसवला ते विचारत होता. बोल्ट तात्पुरता आवळून, नवं तेल टाकून त्याने गाडी दुकानात नेली. तिथे पुन्हा सगळं काढलं आणि मला खाली बोलावून दाखवलं. म्हणाला, चिखल आणि तेलाचा थर घट्ट बसला होता म्हणून हा इतके महिने अडकून राहिला, नाहीतर केव्हाच पडला असता.

मला राग आला. मी म्हणाले, "माझा भाऊ एसटीत हेड मेकॅनिक होता. अख्ख्या जळगावच्या बशी त्याच्या हाताखालून गेल्या. त्याच्या हातचा बोल्ट सैल राहत नाही. हे त्या पार्किंगमधल्या चोराचं काम आहे, नाहीतर तुमची माल खपवायची युक्ती." त्याने बंदूक न वापरता हातानेच बोल्ट आवळला, वर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल, असं म्हणाला.

हे साडेनऊला मशीनवर लागले. आज सूज कमी आहे. दिवाळी तोंडावर आली. भाऊबीजेला तरी या. त्या सुपडूला तुमच्यासमोर उभं करायचंय मला.

कामिनी


शिंदखेडा
२५ ऑक्टोबर २०२५

भाऊ,

भाऊबीज गेली. ताट करून ठेवलं होतं. बारा वाजले, दोन वाजले, शेवटी चंद्राला ओवाळून ताट उचललं. लग्नानंतरच्या एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

मेघाला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा सकाळी पिशवी घेऊन निघाले होते, स्टँडवरून परत आले." कारण विचारलं तर तुम्ही काही बोलत नाही म्हणाली. माझं काही चुकलं का? त्या माणसाचं बोलणं मी तुम्हाला कळवलं म्हणून राग आला का? मी तर तुमचीच बाजू घेतली होती.

दोन ओळी लिहा.

कामिनी


जळगाव
३० ऑक्टोबर २०२५

कामिनी,

सुपडू खरं बोलला. त्याला चोर ठरवू नकोस.

मी स्टँडवर गेलो होतो. धुळ्याची गाडी लागली होती. पण तुझ्यासमोर पाटावर बसायचं, तू ओवाळायचं, आणि मी गप्प राहायचं, हे जमेना. परत आलो.

जूनमध्ये समोरच्या मगनच्या गाडीचं तेल मी बदललं होतं. दोन दिवसांनी तो आणि त्याची बायको मंदाबाई पाचोऱ्याला निघाले. शिरसोलीच्या पुढे इंजिन जागच्या जागी जाम झालं आणि मागून ट्रॅक्टर धडकला. मंदाबाईच्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. अजून काठी धरून चालते. गॅरेजवाला म्हणाला, खालचा बोल्टच नाही. मगन म्हणाला, "दगड लागून उडाला असेल, काका." मी म्हणालो, असेल.

दगड नाही लागला. माझा चौदा नंबरचा पाना मला दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यात सापडला. तो तिथे मी ठेवला होता. दुसरं कोण ठेवणार? पण ठेवल्याचं आठवत नाही. बोल्ट आवळल्याचंही आठवत नाही.

त्या दिवसापासून मी तुझी गाडी आठवत बसतो. अखाजीची सकाळ. बोल्ट काढला ते आठवतं. जुनं तेल घमेल्यात पडताना दिसतं. तू चहा घेऊन आलीस, कपाचा कान तुटका होता, तेही दिसतं. चहानंतरचं काही दिसत नाही. पुढचं दिसतं ते तुझी गाडी कोपऱ्यावरून वळताना.

पार्किंगमधला माणूस मी होतो. गुडघा दुखत नाही माझा. एसटीने धुळ्याला गेलो, गाडीखाली शिरलो, बोल्टाला हात लावला. घट्ट लागला. खात्रीने घट्ट लागला. मग परतीच्या गाडीत अमळनेर गेल्यावर मला कळेना, की मी हात खरंच लावला होता की लावायचं ठरवलं होतं. तळहात बघितला. तेल होतं, पण ते कुठलंही असू शकतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. जूनमध्येच सांगायला हवं होतं. रोज सकाळी मेघाला फोन लावायला सांगायचं ठरवायचो आणि वाटायचं, एकदा हे तोंडातून बाहेर गेलं की मग मी कोण राहिलो? हाताखालून बशी गेल्या असं तू लिहिलंस. ते वाचून मी कागद उलटा करून ठेवला.

तुझी वहिनी असती तर तिला कळलं असतं. मला नावं आठवत नाहीत आजकाल. हे कोणाला सांगितलेलं नाही.

पितांबर


शिंदखेडा
५ नोव्हेंबर २०२५

भाऊ,

पत्र तीनदा वाचलं. यांना दाखवलं नाही.

जून ते ऑक्टोबर, आठवड्यातून दोनदा, मी त्या आजारी माणसाला शेजारी बसवून त्या बोल्टावर हायवेने जात होते. तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला शंका होती, एवढं तरी माहीत होतं. आणि तुम्ही मला कोणत्या दुकानात जायचं ते लिहीत होतात. जॅक घसरतो, बंदूक आटे खाते. बठ्ठं, अगदी सगळं लिहिलंत, एवढी एक ओळ तेवढी लिहिली नाहीत.

ट्रॅक्टर माझ्या मागे असता तर? मी रात्री डोळे मिटले की ते ठिपके दिसतात.

मंदाबाईला तुम्ही रोज समोरून काठी टेकत जाताना बघता. तुम्ही तिला सांगितलं पाहिजे. तुम्ही सांगत नाही तोवर मला पत्र लिहू नका.

कामिनी


जळगाव
२४ नोव्हेंबर २०२५

कामिनी,

बरेच दिवस तुझं पत्र नाही. रोहिदासराव कसे आहेत? डायलिसिसला कोण नेतं?

तुला एक गोष्ट सांगायची आहे. आजवर सांगायचा धीर झाला नाही. तुझ्या गाडीचं तेल मी अखाजीला बदललं, तेव्हा खालचा बोल्ट आवळायचा राहिला असावा. मला नक्की आठवत नाही, म्हणून जास्त भीती वाटते. जूनमध्ये मगनच्या गाडीचंही तसंच झालं आणि मंदाबाईचा पाय मोडला. तू गाडी बाहेर काढू नको. कोणालातरी खाली बघायला सांग. काचेचं दुकान असेल तरी चालेल, शोरूम असेल तरी चालेल, फक्त आज बघायला सांग.

हे वाचून तू मला काय म्हणशील ते मला माहीत नाही. पण तू गाडीत असताना मी गप्प बसलो असं व्हायला नको.

तू चहा आणला होतास, तिथपर्यंत मला आठवतं.

पितांबर


(याच पाकिटात दुसरी चिठ्ठी)

कामिनीआत्या,

बाबा हे पत्र तिसऱ्यांदा लिहीत आहेत. आधीची दोन मी पोस्टात टाकली नाहीत. तुमचं पत्र आलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "कामिनीचं पत्र का येत नाही?" मी सांगितलं, आलं होतं. त्यांनी हसून मान हलवली, मी मस्करी करतेय असं वाटलं त्यांना. तुमचं पत्र मी कपाटात वर ठेवलंय, त्यांच्या हाताला लागणार नाही.

मगनकाकांना मी सांगितलं. मलाच सांगावं लागलं. ते आले, बाबांच्या शेजारी ओट्यावर बसले. जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. मंदाकाकू मात्र आता आमच्या दाराकडे बघत नाहीत. त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

काल बाबा गॅस चालू ठेवून बाहेर गेले होते. मला आता त्यांना घरी एकटं ठेवायची भीती वाटते. संध्याकाळी हे ऑफिसातून येतात आणि बाबा बाहेर असले तर आम्ही दोघं फक्त घड्याळाकडे बघतो. तुम्ही या.

मेघा


शिंदखेडा
२७ नोव्हेंबर २०२५

भाऊ,

पत्र मिळालं. बरं झालं सांगितलंत. मला हे माहीत नव्हतं.

वाचल्यावर मी गाडी बाहेर काढली नाही. बायपासच्या दुकानातल्या सुपडूने खाली शिरून बघितलं. बोल्ट आवळला आहे, वर रंगाची रेघ आहे, मी स्वतः खाली वाकून बघितली. तेल पूर्ण आहे. दिवा लागत नाही. आम्हा दोघांना काही झालेलं नाही. हे आज घरी आहेत, अंगणात खुर्ची टाकून बसलेत आणि तुमची आठवण काढतात.

मी रागावलेली नाही. तुम्ही घाबरलात म्हणून सांगायला उशीर झाला. मीही घाबरते, रोज घाबरते, आणि यांना सांगत नाही. आपल्या घरात सगळ्यांचंच तसं आहे.

रविवारी सकाळी मी जळगावला येते. सोमवारी डोक्याच्या डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ, मेघाने नंबर लावलाय. तिथे काय म्हणतील याची मला भीती वाटते. तुम्हालाही वाटत असेल. मी तुमच्या बाजूला बसेन आणि डॉक्टर बोलतील ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तुम्हाला दाखवेन. संध्याकाळी मला परतायचंय, मंगळवारी यांना धुळ्याला न्यायचंय.

डॉक्टरांकडून आल्यावर, निघायच्या आधी मी मंदाबाईकडे जाणार आहे. तिने दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. तुम्ही यायचं नाही.

हे पत्र उशीखाली ठेवा. पुन्हा अखाजीचं आठवलं आणि मला सांगायचं राहिलं असं वाटलं, तर नवं लिहायच्या आधी हे काढून वाचा. तुम्ही मला सांगितलं आहे. मी ऐकलं आहे. माझं अक्षर तुम्हाला ओळखू येतं ना, तोवर एवढं पुरे.

तुमची कामिनी